हिरवी हिरवीला

"लाल लालला लावली?"

"लावली."

"काळी काळीला?"

"अगं, लावली म्हटलं ना."

चौथा रविवार, सकाळचे दहा. साधा, बिनकॅमेऱ्याचा मोबाइल स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यातून दूरदेशीची लेक बाबांची तोंडी परीक्षा घेत होती. समोर टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर होता. एवढासा कॉम्प्युटर असतो यावर बाबांचा पहिले दोन दिवस विश्वासच बसला नव्हता. त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला लिंबाएवढा कॅमेरा, बाबांकडे तोंड करून बसलेला. बाबा एकटे असतात, ते नीट हिंडता-फिरताना दिसावेत म्हणून लेकीने सुट्टीत येऊन हे सगळं स्वतःच्या हाताने जोडून दिलं होतं. ती गेली आणि बाबांना वाटलं, कॅमेरा कपाटावर ठेवला तर खोली जास्त दिसेल. वायरीचं चपटं टोक कपाटामागच्या भोकातून जाईना, म्हणून त्यांनी पक्कड घेतली आणि वायर मधोमध कापली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कापताना त्यांना काहीच वाटलं नव्हतं. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात गेलेली. रस्त्यातल्या खड्ड्यात उकिडवं बसून, डोक्यावर ताडपत्री घेऊन त्यांनी आठ-आठशे तारा रंग बघून जोडल्या होत्या. इथे तर अवघ्या चार. लाल, काळी, हिरवी, पांढरी. पण त्या चौघींनी महिनाभर बाबांना दाद दिली नव्हती.

तरी खरं सांगायचं तर बाबा खुशीत होते. एरवी लेकीचा फोन म्हणजे दीड मिनिट. जेवलात का, गोळी घेतली का, बरं, ठेवते. या तारांपायी गेले तीन रविवार तास-तासभर बोलणं झालं होतं. तारा सोलता सोलता तिचा खडूस साहेब निघाला, तिच्या आईचं सारखं अडकणारं शिवणयंत्र निघालं, आणि दोघं हसली होती. बोलणं थांबलं की तिच्याकडून नुसतं भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. दुसरं कुणी असल्याचा आवाज कधी आला नाही.

पण पहिल्याच रविवारी ती म्हणाली होती, "एकदा हे सुरू झालं ना बाबा, की मी येता-जाता नुसती बघत जाईन. सारखा फोन करून तुम्हाला त्रास नाही."

त्रास! तो शब्द बाबांनी आठवडाभर चघळला होता.

"आणि दाताने सोलू नका हं," लेक फोनवरून म्हणाली.

"छे छे," तार दातात धरून बाबा म्हणाले.

"हिरवी-पांढरी उलटसुलट तर नाही ना झाली?"

"झाली तर झाली. जोडीतली तार इकडची तिकडे झाली म्हणून बोलणं अडतं का कधी?"

"फोनचं नाही अडत, बाबा. ह्याचं अडतं. इथे हिरवी हिरवीलाच लागते."

बाबा तारांवर वाकले. तीन रविवार ती हेच विचारत होती आणि ते न बघताच 'बरोबर आहे' म्हणत होते. आयुष्यभर ज्याला चूक म्हटलं नाही ती चूक दिसणार कशी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी दोन पीळ सोडवले, हिरवी हिरवीला लावली, पांढरी पांढरीला.

कॅमेऱ्याच्या काचेशेजारी निळा दिवा लागला.

चित्र इथून तिच्याकडे जायला लागलं की हा दिवा लागतो, हे लेकीने जाण्यापूर्वी दाखवून दिलं होतं. महिनाभरात तो आज पहिल्यांदा लागत होता. 'लागला!' असं बाबांच्या अगदी ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. आता ती 'दिसलं' म्हणणार, शाबासकी देणार आणि फोन ठेवणार. पुढच्या रविवारी टेबल असेल, कॅमेरा असेल, फोन मुका असेल. एवढ्या वयात त्यांना एकदम पोरकं वाटलं.

पलीकडून काहीच आलं नाही. घड्याळ तेवढं वाजत होतं.

"दिसतंय का गं?" शेवटी बाबांनीच विचारलं.

"नाही हो, बाबा." तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. "काहीच नाही दिसत."

बाबांचा जीव भांड्यात पडला. मग मन खायलाही लागलं. इकडे दिवा लागलाय म्हणजे बिघाड तिच्याकडचा असणार, तिला सांगायला हवं. सांगू, त्यांनी ठरवलं, जरा वेळाने सांगू.

"मग आता?"

"सोडा सगळं. पहिल्यापासून करू. मला काही घाई नाही. तुम्हाला आहे का?"

"मला कसली घाई!"

"आणि आधी शर्टाची बटणं नीट लावा. एक काज चुकलंय."

बाबांनी मान खाली घालून पाहिलं. खरंच चुकलं होतं. वरचं बटण दुसऱ्या काजात, आणि तिथून खालपर्यंत सगळीच एकेक घर घसरलेली.

फोन एकदम गप्प झाला.

बाबांनी सगळी बटणं काढली आणि वरपासून एकेक नीट लावली. कॉलर सारखी केली. मग उठून खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली, कॅमेऱ्यासमोर ताठ बसले आणि म्हणाले,

"हं. लाल कुठे म्हणालीस?"