तेलाचा पडदा
जुनी चुंबकं विरघळवलेल्या द्रावणातला दुर्मिळ धातू तेलाच्या थेंबांचा पडदा ओलांडून त्या थेंबांच्या पोटातल्या आम्लात शिरायला हवा होता. मिश्रण हळूच ढवळायचं, नाहीतर पडदा फाटतो आणि मुसळ केरात. पण सर येताजाता ढवळणाऱ्या यंत्राच्या वेगाच्या बटणाचा कान पिळायचे. “अगं, गोगलगायसुद्धा पुढे जाईल! जोरात फिरव.” पडदा फाटायचा. त्यांची विद्यार्थिनी दातओठ खात पुन्हा तेल कालवायची. आज प्रकल्पाचं भवितव्य ठरवणारे परीक्षक यायचे होते. सरांचा हात बटणाकडे गेला, तसं तिने मनगटच धरलं. “सर, हात लावलात तर बाकीचं तुम्हीच करा!” सर फुगून बसले. दुपारी परीक्षकांसमोर तिने थेंब फोडून आम्लातून धातूचा जांभळट साका काढला. परीक्षक खूश होताच सर पुढे सरसावले. “मी हिला पहिल्यापासून सांगतोय, घाई नको!” पुढचं ऐकू येऊ नये म्हणून तिने नळ पूर्ण सोडला.