एकेचाळीस सह्या

गातोतच्या गेमच्या दुकानासमोर तुमिनाह येऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तिच्या हातात अर्ज होता आणि अर्जावर आळीतल्या एकेचाळीस बायकांच्या सह्या. दुकान बंद करा, एवढीच मागणी. संध्याकाळी आळीची सभा होती, तिथे तो द्यायचा होता. त्याआधी शाळा बुडवून बसलेली पोरं एकदा डोळ्यांनी बघावीत, जमलं तर नावंही लिहून घ्यावीत, म्हणून ती शेजारच्या लिलिसला आणि म्हाताऱ्या पार्तिनीकाकूंना घेऊन आली होती.

तुमिनाहचं प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. हल्लीच्या सिनेमांत चोरच नायक असतो, मालिका बघून सुना उलट उत्तरं द्यायला शिकल्या, आणि गेमनी तर पोरांची डोकी पार नासवली. इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या त्या भागातल्या बायका नवा सिनेमा बघून आल्या की आधी तिला विचारायच्या आणि मग तो आपल्याला आवडला की नाही ते ठरवायच्या.

"गातोत," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. आतल्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं. "तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण घरी खोटं बोलून आलेला असतो. जातो एकीकडे म्हणायचं आणि इथं तोंड लपवून बसायचं. लाज बाहेर काढून ठेवतात आणि मग आत येतात."

लिलिस हसली. गातोतनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ताई, मुलं शाळा सुटल्यावर येतात. सकाळी नसतात."

"मग आत कोण आहे?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाला, "मी काय सांगू. या, तुम्हीच बघा."

"चला, बघूच," म्हणत लिलिस चप्पल काढू लागली. तुमिनाहही पट्टा सोडायला वाकली. समोरच्या फळीवर जोडे ओळीनं लावलेले होते. मुलांचं पायताण त्यात एकही नव्हतं. सगळे मोठ्या माणसांचे, कारखान्यात घालतात तसले जाड काळे बूट. चार जोडांच्या टोकांना निळे डाग. पाचव्या जोडाच्या डाव्या बुटाला काळ्याऐवजी तपकिरी नाडी होती. ती नाडी तिनंच गेल्या महिन्यात घातली होती, घरात काळी सापडली नाही म्हणून.

ती तशीच वाकून राहिली.

"काय गं, पट्टा अडकला का?" पार्तिनीकाकूंनी विचारलं.

"नाही." ती सरळ झाली. लिलिसचा एक पाय आत पडला होता. तुमिनाहनं तिचा दंड धरला, जरा जोरातच. "राहू दे. मुलं नाहीत म्हणतोय ना तो."

"अगं, पण तूच तर म्हणालीस, डोळ्यांनी बघायचं."

"एक सही राहिलीय. ती घेते आणि येते. तुम्ही व्हा पुढे. काकूंना ऊन सोसत नाही."

लिलिस तिच्याकडे बघत राहिली. मग काकूंचा हात धरून गेली. दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत तुमिनाह दारातून हलली नाही. मग ती चपला काढून आत शिरली.

आत पातळ फळ्यांच्या आडोशांना चटया टाकल्या होत्या. प्रत्येक आडोशात एकेक पाठ. कुणीही मागं वळून बघितलं नाही. तिचा नवरा वास्कितो शेवटच्या आडोशात होता. सकाळी तिनं इस्त्री करून दिलेला कारखान्याचा सदरा अंगात होता. गेमचे हेडफोन कानांवरून काढलेले, गळ्यात लोंबत होते. समोर पडद्यावर भातशेतांमधून एक बस चालली होती, आणि तो ती अगदी जपून चालवत होता.

ती त्याच्या मागं उकिडवी बसली.

"ऐकलंत?"

"तुझा आवाज कुणाला ऐकू येत नाही?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"कधीपासून?"

"ईद झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. रंगखात्यातल्या आम्हा सगळ्यांनाच काढलं."

सात आठवडे. सात आठवडे ती सकाळी डबा भरून देत होती. परवाच त्यानं मुकादमाचं आणि पहारेकऱ्याचं भांडण नकला करत सांगितलं होतं आणि ती पोट धरून हसली होती. ते भांडण कुठं झालं असेल, असा प्रश्न आत्ता तिच्या मनात आला.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. पहिल्याच दिवशी." पडद्यावर तांबडा दिवा लागला. त्यानं बस थांबवली. "पण जेवताना तू समोरच्या हार्नोचं काढलंस. त्याला कामावरून काढलं ना, त्याचं. म्हणालीस, माणसात खोट असल्याशिवाय कुणी असं घरी बसवत नाही."

हे ती बोलली होती. सोयाबीनचं तळलेलं तेम्पे त्याच्या ताटात वाढता वाढता बोलली होती आणि पुढं लगेच कुठल्याशा सिनेमाचा विषय काढला होता. हार्नोशी तिचं वैरसुद्धा नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली होती.

शेजारच्या आडोशात कुणीतरी खाकरलं. तुमिनाहनं हातातल्या अर्जाची घडी घातली. त्या घडीची आणखी एक घडी घातली.

दिवा हिरवा झाला तरी वास्कितोनं बस हलवली नाही.

"बंद करू?" त्यानं विचारलं. "घरी जाऊ या?"

तिनं पडद्याकडे नीट बघितलं. बसच्या खिडक्यांत लहान लहान डोकी दिसत होती.

"माणसं बसलीत ना आत," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी चटईवर टेकली. "असं मध्येच नका उतरवू त्यांना."