दिवसावर गोधडी

“दिवस बुडू दे, मंग हात लाव!” रुख्मा मोबाईलमध्ये ओरडली.

पडद्यावर भूपेंद्र हेल्मेट सावरत हसला. त्याच्या मागं सोलरच्या निळ्या प्लेटा, प्लेटांच्या मागं समुद्र. तो देशच एवढासा, की सालेकसा तालुक्यात दोनदा मावला असता. आणि त्या अख्ख्या देशाची विजेची लाईन रुख्माच्या पोराच्या हातात! गावातलं एकही घर तिनं हे सांगायचं सोडलं नव्हतं. आज मात्र त्याच लाईनीची तिला भीती वाटत होती. तिकडं प्लेटांची तार जळाली होती, आणि ती भूपेंद्रलाच जोडायची होती.

“माय, दवाखान्यात काचेच्या पेटीत दोन लेकरं आहेत. बॅटरी अर्धाच तास चालते.”

“मंग बटन बंद करून जोड ना!”

“प्लेटीले बटन नसते वो. दिवस आहे तोवर करंट येऊनच राहते.”

“आपल्या मोटारीची तार जोडायची असली का प्लेटीवर गोधडी टाकतो ना आपण? तशी टाक.”

“इथं चार हजार प्लेटा आहेत. एवढ्या गोधड्या कोण शिवन?”

“जिथं हात घालशीन तिथं तरी टाक, दीडशहाण्या!”

तो हसला. मग हसू गेलं. “टाइम नाई, माय. जोडलं का फोन करतो.”

पडदा काळा झाला.

रुख्मा उठली. खाटेवरची गोधडी ओढून भर उन्हात घरामागच्या धानाच्या बांधीवर गेली. तिथं छोट्या मोटारीच्या दोन प्लेटा तापत होत्या. तिनं गोधडी पसरली. मोटार कण्हली, थांबली. धानात पडणारं पाणी तुटलं.

सून प्रिया मोबाईल घेऊन मागोमाग धावली. “आत्याबाई, काऊन झाकून राहिल्या? धान करपते ना!”

“आभाळातला दिवस एकच आहे ना वो? का तिकडचा वेगळा आहे?”

प्रिया मोबाईलवरची वेळ बघत शेजारी उभी राहिली.

वाऱ्यानं गोधडीचं टोक उचललं. काच लखकन चमकली. रुख्मानं झेप घालून ती झाकली. मनगट भाजलं, तरी हात काढला नाही. अर्धा तास होऊन गेला. आणखी थोडा गेला.

मोबाईल वाजला.

“नंबर त्यांचा नाही, आत्याबाई.”

रुख्मानं मान वळवली नाही. गोधडीचे दोन्ही कोपरे मुठीत आवळले.

“तू उचल,” ती म्हणाली. “मी नाई सोडत.”