मातीची ओळख

जावई जेवायला येणार म्हणून कोंडाजींनी सिन्नरकडच्या एका पोल्ट्रीतून अंडी देणं बंद झालेली कोंबडी आणली आणि अंगणात सोडली. पळेल म्हणून टोपली घेऊन तयार राहिले. पण ती जागची हललीच नाही. सगळा जन्म पिंजऱ्यात गेलेला, पायाला माती ठाऊकच नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने एक पाय टाकला, मग दुसरा. माती उकरून पाहिली. मग धुळीत अशी काही लोळली, की कोंडाजी लहान पोरासारखे हसत सुटले.

कोंडाजींच्या पत्नी कलाबाई सुरी घेऊन बाहेर आल्या, तर नुकताच आलेला जावईही सासऱ्याशेजारी उकिडवा बसून कोंबडीच बघत होता.

"अवो, कधी कापायची? जावईबापू उपाशी हायेत!"

"मामी, पिठलं टाका," जावई म्हणाला. "आज पाहुणी ही हाय."