उताराचा फोर्क

"मला एकशेऐंशीचाच हवा," मुलगी म्हणाली आणि तिने सायकल मिस्त्रींच्या पुढ्यात उभी केली.

पुढचं चाक गुडघ्यांत धरून मिस्त्रींनी हँडल जोरात दाबलं. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा जुना फोर्क खाली गेला आणि दमेकरी माणसासारखा कण्हत वर आला. तो बदलायला हवा होता, यात वाद नव्हता. नवा कुठला बसवायचा, एवढाच प्रश्न होता.

मुलीचे वडील दुकानाच्या चौकटीला टेकून उभे होते. एके काळी डोंगरउताराच्या शर्यतींत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता त्यांच्या डाव्या पायात सळई होती. ते मिस्त्रींच्या नजरेला नजर देत नव्हते.

आदल्या दिवशी ते एकटेच येऊन गेले होते. स्टुलावर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग मुद्द्यावर आले. मुलीला यंदा उताराच्या शर्यतीत उतरायचं होतं. मागच्या वर्षी सरावातच ती पडली होती आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून बापाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण तिला नको कुठल्या तोंडाने म्हणायचं? चालायला लागली तशी त्यांनीच तिला सायकलवर बसवलं होतं.

"तू सांग," ते म्हणाले होते. "तुझा शब्द ती मोडायची नाही. फ्रेमला मोठा फोर्क झेपत नाही म्हण."

ती फ्रेम मिस्त्रींनी स्वतः जोडली होती. नळी न् नळी.

"माझ्याच हातच्या कामाला मी नावं ठेवू?"

"ठेव. माझ्यासाठी."

म्हणून आता मिस्त्री मुलीला समजावत होते. चपला जशा पायाच्या मापाच्या, तसा फोर्क वाटेच्या मापाचा. जंगलातल्या चढउताराला एकशेवीस मिलिमीटर दबणारा पुरतो. तो हलका असतो, चढावर सायकलीचं नाक वर करत नाही. दगडांवरून उड्या घेत उतरायचं, तर एकशेऐंशी लागतो, हे खरं. पण लांब फोर्क आदळला की सगळा जोर फ्रेमच्या मानेवर, हँडलखालच्या नळीवर येतो.

"आणि या मानेचा मला भरवसा नाही," मिस्त्री म्हणाले.

"काका, या फ्रेमवर हत्ती बसवा, असं तुम्हीच म्हणाला होता."

"हत्ती उड्या मारत नाही."

मुलीने हट्ट सोडला नाही. मानेला जोड देऊन बघा, म्हणाली. दुसरी नळी लावा, म्हणाली. वडीलही मागे राहिले नाहीत. पोरीने वर्षभर वाट बघितलीय, काहीतरी तोड काढ, असं त्यांनी इतक्या कळकळीने विनवलं, की क्षणभर मिस्त्रींनाही खरं वाटलं. त्यांचं उत्तर मात्र बदललं नाही.

शेवटी मुलीने फळीवरच्या लांब फोर्ककडे एकदा पाहिलं, मग वडिलांकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली.

"अगं, तू कशाला सॉरी म्हणतेस? जंगलात वाटा काय कमी आहेत?" वडील म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मिस्त्रींनी एकशेवीसचा फोर्क बसवला आणि त्यात तिच्या वजनाला साजेशी हवा भरून दिली. निघताना वडिलांनी त्यांचा हात घट्ट दाबला.

त्यानंतर मिस्त्रींना चैन पडेना. दुसऱ्याची सायकल हातात घेतली, तरी मुलीचे भरलेले डोळे समोर येत. अखेर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. हातातलं काम ठेवून ती म्हणाली, "आयुष्य पोरीचं, आणि निकाल तुम्ही दोघा बाप्यांनी परस्पर लावलात."

ते त्यांना लागलं. म्हणून मुलगी फोर्कचं तेल बदलायला आली, तेव्हा त्यांनी आधी हात पुसले आणि तिला बसायला सांगितलं. वडिलांचं नाव मात्र त्यांनी मध्ये येऊ दिलं नाही.

"फ्रेम भक्कम आहे," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तुझी काळजी वाटली म्हणून. पण तो हक्क माझा नव्हता. एकशेऐंशीचा आजही बसवून देतो."

त्यांना वाटलं, ती उसळेल, नाहीतर आनंदाने उडी तरी मारेल. ती पांढरीफटक पडली. उठून तिने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"हे तुम्ही बाबांना सांगितलंत?"

"नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा स्टुलावर बसली. मग खाली बघत, हळूहळू बोलू लागली. पडल्यापासून उतार दिसला, की तिचे हात गार पडत. ब्रेकवरची बोटं सुटत नसत. बाबांना नको म्हणायचं किती वेळा ठरवलं, पण शब्द ओठांवर येऊन परत जात. मिस्त्री नाही म्हणाले, त्या रात्री ती कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली होती.

"काका, फ्रेम कच्चीच राहू द्या," ती म्हणाली. "बाबांना यातलं काही कळू देऊ नका. आपली पोर त्या उतारावर बघायची, एवढ्या एकाच आशेवर ते जगतायत."