मागची सीट नसलेली गाडी

“आत्या, तुमी याच. न्हाई म्हणू नका,” त्रिशला घरातून फोनवर म्हणाली, आणि अंगणात गाडी पुसणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, जयपालचा, हात जागच्या जागी थांबला. पुढचं ती हळू बोलली. ते काही त्याला ऐकू आलं नाही.

गाडी लालभडक, बुटकी, दोन माणसांची. कराडच्या वीरधवलनं, म्हणजे जयपालच्या कॉलेजातल्या मित्रानं, हौसेनं घेतलेली आणि दोस्ताच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वापरायला दिलेली. काल ती आष्ट्यात शिरली तेव्हा अर्धी पेठ तिच्या मागं चालत घरापर्यंत आली होती. गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं, पण कळ आली ती जयपालच्या पोटात.

ठिबकचे पाइप विकणाऱ्या माणसाला या वयात ही कसली हौस, असं लोकांना वाटलं. लोकांना काय, वाटतच असतं. जयपालला वेगाचं वेड नव्हतं. त्याला मागची सीट नसलेली गाडी हवी होती. नातेवाइकांना ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिभेला जन्मात जमलं नव्हतं, तेव्हा यंदा ते गाडीनंच म्हणावं, एवढाच त्याचा बेत होता.

हे शहाणपण त्याला सुंदरीआत्यानं शिकवलं होतं. ही त्याच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर जयपाल आणि त्रिशला महाबळेश्वरला निघाले, तेव्हा “मलाबी साताऱ्यापतोर सोडा” म्हणत ती जीपमध्ये चढली. सातारा आला आणि मागं पडला, आत्या काही उतरली नाही. चारही दिवस ती बरोबर राहिली. वेण्णा तलावातल्या नावेत तर ती नेमकी दोघांच्या मधे बसली. नवरीकडं बघायचं तर जयपालला आत्याच्या अंबाड्यावरून मान उंचावून बघावं लागलं. आणि एकदा पडलेला पायंडा मग मोडलाच नाही. धर्मस्थळाला मावशी आली, हंपीला मेहुण्याचं सगळं बिऱ्हाड. बायकोशी चार शब्द निवांत बोलायचे तर जयपाल दुकानातून फोन करी.

म्हणून यंदा त्यानं सगळं चोख आखलं होतं. उंब्रजवरून पाटण आणि पुढं कोयनेच्या पाण्याकाठी दोन दिवसांसाठी एक हॉटेल. त्रिशला जैन नेमानं दिवस मावळल्यावर खात नाही, म्हणून मेणबत्त्यांच्या उजेडातलं जेवण त्यानं संध्याकाळी पाचलाच ठरवलं होतं. “उन्हात मेणबत्त्या, साहेब?” हॉटेलवाल्यानं विचारलं. “पडदे ओढा की,” जयपाल म्हणाला. घरी तात्या, म्हणजे त्याचे वडील, एकटे राहणार होते. त्यांचा डबा शेजारून यायचा होता.

आणि आता त्रिशलाच आत्याला बोलावत होती. आठवडाभर ती विचारत होती खरी, “खरंच त्या गाडीत तिसरं माणूस बसत न्हाई?” तेव्हा जयपाल हसला होता. आता त्याला हसू येईना. इतकी वर्षं तो समजत होता की माणसं दोघांच्या मधे येतात. त्रिशलालाच ती मधे हवी असतील तर? दोन दिवस या माणसाशी एकटीनं काय बोलायचं, असं तिला वाटत असेल तर? फडकं तसंच हातात धरून तो पायरीवर बसला. त्याला फार वाईट वाटलं.

तासाभरात बागणीहून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपनं आत्या येऊन थडकली. बरोबर भलीमोठी बॅग. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं.

“ह्यात बसायचं का निजायचं रं?”

जयपालनं मनाचा हिय्या केला. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. “ऱ्हाऊ दे ही गाडी, आत्या,” तो म्हणाला. “दुकानाची मोठी काढतो. तिघं निवांत जाऊ.” बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

“आन् मी कशाला येऊ?”

“त्रिशलानं बोलावलंय न्हवं तुमाला?”

“बोलावलंय की.” आत्यानं पायरीवर ऐसपैस बैठक मारली. “तवाबी तिनंच बोलावलं हुतं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘त्यांच्यासंगं एकटीला भ्या वाटतंय, तुमी चला.’ ईस वर्साची पोर, तुला धड वळखतबी न्हवती. मग बसले जीपमधी. तू चार दिवस माझ्याकडं वैऱ्यागत बघत हुतास, त्ये काय मला दिसत न्हवतं व्हय?”

जयपालनं वळून पाहिलं. त्रिशला नवी साडी नेसून दारात उभी होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला लाजताना तो कितीतरी दिवसांनी बघत होता.

“आवं, तात्यांना डब्यातलं गार जेवण उतरत न्हाई,” ती म्हणाली. “दिवस मावळायच्या आत गरम भाकरी लागती त्यांना. ती सोय लागल्याबिगर माझा पाय निघाला नसता.”

म्हणजे आत्या येणार नव्हती, राहणार होती. जयपालच्या डोक्यात एवढा उजेड पडायलाही अंमळ वेळ लागला. मग त्याची नजर पुन्हा त्या बॅगेवर गेली. “पण आत्या, दोन दिवसांसाठी एवढी मोठी बॅग?”

“दोन दिवस तू ठरवलंस,” आत्या म्हणाली. “तिनं मला पंधरा दिवसांची कापडं आणायला सांगितल्यात.”