मास्कमधलं पाणी

हवेच्या नळीला तीन हिसके बसले, तसं बोटीतल्या बेलार्मिनोनं हात चालवून ओसिएलला वर ओढून घेतलं. सकाळपासून चौथ्यांदा.

पाणी स्वच्छ, वाऱ्याचा पत्ता नाही, अशा दिवशी पाणबुड्या दोन-दोन तास खाली राहतो. आणि ह्याच्या जाळीच्या पिशवीत शिंपल्या-तिसऱ्या बघाव्यात तर चार मुठीसुद्धा नाहीत.

"काय रे, खाली पोलीस मागं लागलेत काय?"

ओसिएल बोटीच्या काठाला लटकून राहिला. मास्क कपाळावर सारलेला, डोळे लालभडक. "मास्कमध्ये पाणी येतंय."

"परत?"

"परत. भरतो नुसता. पुढचं दिसत नाही, गड्या."

बावीस वर्षं दोघांचं असंच चाललेलं. ओसिएल तळाशी, बेलार्मिनो वर बोटीत, हवेच्या यंत्राजवळ, हातात नळी. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे पिशवी ओढ, तीन म्हणजे मला ओढ. नुसत्या नळीवरनं बेलार्मिनो सांगायचा, आता ह्याचे पाय गारठले, आता हा दमला. पण जूनमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, ओसिएलची बायको नेल्डा वारली, त्याला आता तीन महिने झाले, आणि त्या बाबतीत नळीचा काही उपयोग होईना.

बेलार्मिनोची बायको मिर्ता रोज सकाळी डब्यात भोपळ्याच्या पुऱ्या भरताना सांगायची, "आज विचार त्याला. समुद्राचं नको. त्याचं विचार." बेलार्मिनो रोज न विचारता परत यायचा. विचारायचं नव्हतं असं नाही. वर आला की विचारतो, म्हणून तयार बसायचा, आणि तो वर आला की ह्याच्या तोंडातनं पेट्रोलचं काहीतरी निघायचं.

आज मात्र विचारायचंच, असं ठरवून निघाला होता. ओसिएलला बोटीत घेतलं, थर्मासमधला चहा दिला, पुरी दिली. ओसिएल पुरीचे तुकडे करत बसला. एकही तोंडात टाकला नाही.

"ओसिएल."

"हं."

"मास्कचं रबर केव्हाचं रे?"

"जुनंच आहे." ओसिएलनं तुकडे पाण्यात सोडून दिले. मग आपणच बोलला. "वर असलो की नाही येत. खाली गेलो, एकटा पडलो, की सुरू होतं. काल तर घटकाभर तसाच बसून राहिलो वाळूत. कामबिम काही नाही. बरं वाटलं."

आणि त्यानं बेलार्मिनोकडं बघितलं. बघतच राहिला.

"ते दाबानं होतं," बेलार्मिनो म्हणाला. "हवेत फट कळत नाही. खाली दाब बसला की उघडते. आण इकडं, संध्याकाळपर्यंत करून देतो."

ओसिएलनं मास्क काढून त्याच्या हातात दिला. "कर," म्हणाला.

बेलार्मिनोला बरं वाटलं. शेवटी एक काम तरी सापडलं होतं.

घरी आल्या आल्या त्यानं जुन्या ट्यूबमधनं रबराची पट्टी कापली. आधी फट कुठं आहे ते बघावं, म्हणून मास्क उताणा धरला, काठोकाठ पाण्यानं भरला, बाहेरनं कोरडा पुसला आणि वाट बघत बसला. काचेच्या कडेनं अंगठा दाबत फिरवला. पुन्हा वाट बघितली. टेबलावर एक थेंब पडला नाही.

"काय झालं?" शेगडीपाशी उभ्या मिर्तानं विचारलं.

"गळत नाही."

"मग चांगलंच की."

मग हळूहळू बेलार्मिनोनं तिला सांगितलं, ओसिएल बोटीत काय म्हणाला ते. शब्द न शब्द. ऐकता ऐकता मिर्तानं गॅस बंद केला.

"आणि तू काय म्हणालास?"

त्यानं तेही सांगितलं.

मिर्ता रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मास्कमधलं पाणी ओतलं, कमरेच्या फडक्यानं काच पुसली, मास्क त्याच्या हातात दिला. "जा."

ओसिएलचं घर चढावर. चढता चढता बेलार्मिनोनं शब्द लावले, मोडले, पुन्हा लावले. दार ओसिएलनंच उघडलं. मागं घरात अजून दिवा लावलेला नव्हता.

"रबर बदललं," बेलार्मिनो म्हणाला. "आता नाही येणार पाणी."

ओसिएलनं मास्क घेतला. कडेवरनं बोट फिरवलं. रबर तेच होतं, भेगा पडलेलं, एका बाजूला बोटीचा निळा रंग लागलेलं. त्याला दिसलं. त्याला दिसलंय हे बेलार्मिनोलाही दिसलं.

"छान केलंस," ओसिएल म्हणाला, आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्यानं मास्क डोळ्यांवर चढवला.

"बसतोय का?"

"घट्ट."

बेलार्मिनो थांबला. ओसिएल मास्क काढीना. बेलार्मिनोनं आपल्या बुटांकडं बघितलं, "उद्या सहाला," म्हणाला, आणि उतरायला लागला.

खालच्या वळणावर त्यानं मागं बघितलं. दार उघडंच होतं आणि ओसिएल मास्क लावून तसाच उंबऱ्यात उभा होता. बेलार्मिनोनं हात हलवला. त्यानंही हलवला.